अज्ञान वारसांची कैवारी : कॉर्नेलिया सोराबजी

कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव निघाले की त्यांच्या पहिलेपणाची यादी सांगण्याची प्रथा पडली आहे. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर, ऑक्सफर्डमध्ये कायद्याच्या परीक्षेस बसलेल्या पहिल्या स्त्री, हिंदुस्थानात वकिलीचा हक्क मागणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. ही यादी खरी आहे. तथापि तिच्यामुळे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत कष्टाचा कालखंड झाकोळून जातो. १९०४ ते १९२२ ही अठरा वर्षे त्यांनी बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम या प्रांतांतील जमीनदारी वाड्यांच्या अंतःपुरांत, अज्ञान वारस आणि त्यांच्या विधवा माता यांच्या मिळकतींच्या रक्षणात घालविली. त्यांच्या इंग्रजी कथा व आठवणी याच अनुभवाच्या मातीतून उगवल्या. भारतीय लेखकांच्या इंग्रजी साहित्याचा अभ्यास करणाऱ्यास त्या कथांचा उगम समजून घ्यावयाचा असेल, तर प्रथम बंगालच्या जमीनमहसुलाच्या दप्तरात शिरावे लागते.

कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील सोराबजी खरसेदजी हे पारशी घराण्यातील. तरुणपणीच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे ते धर्मोपदेशक झाले. आई फ्रान्सिना यांना फोर्ड या इंग्रज दांपत्याने वाढविले होते. मुलीचे नावही फोर्डबाईंच्या नावावरूनच ठेवण्यात आले. कुटुंबाचे वास्तव्य काही काळ बेळगावास व नंतर पुण्यास झाले. पुण्यात फ्रान्सिनाबाईंनी जातिधर्माचा भेद न मानता मुलांसाठी शाळा चालविल्या. घरात इंग्रजी वळण आणि पारशी घराण्याचा अभिमान, तर घराबाहेर पेठांचे मराठी जग, अशा तिहेरी संस्कारांत या भावंडांची वाढ झाली. बहिणींपैकी सुसी यांनी पुण्यात शिक्षणकार्य केले, ॲलिस डॉक्टर झाल्या; बंधू रिचर्ड यांनी अलाहाबादेस बॅरिस्टरी केली.

कायद्याकडे वळण्याचे बीज बालपणीच पडले, असे कॉर्नेलिया यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. गुजरातेतील एक सधन विधवा त्यांच्या आईकडे सल्ल्यासाठी आली होती. तिच्या कारभाऱ्याने तिची सही घेऊन सारी मिळकत आपल्या घशात घातली होती, आणि परपुरुषासमोर येऊ न शकणाऱ्या त्या बाईस वकिलाकडे जाण्याचा मार्गच उरला नव्हता. मदत करावयाची असेल तर कायदा शीक, असे आईने मुलीस सांगितले. ही एकच घटना साऱ्या पुढच्या आयुष्यास कारण झाली असे मानणे भाबडेपणाचे होईल. परंतु या घटनेतील तिन्ही पात्रे, म्हणजे पडद्याआडची मालकीण, विश्वासातला कारभारी आणि न वाचलेला कागद, पुढे त्यांना शेकडो वेळा भेटणार होती.

१८८७ साली डेक्कन कॉलेजातून पदवीपरीक्षेत त्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. विलायतेत जाण्यासाठी जी सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या गुणानुक्रमास मिळावयास हवी होती, ती केवळ स्त्री असल्यामुळे नाकारण्यात आली. काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. वर्गात विद्यार्थी पुरुष आणि अध्यापक स्त्री, हे दृश्य त्या काळी अपूर्वच होते. पुढे लेडी हॉबहाउस, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, सर विल्यम वेडरबर्न आदींनी उभारलेल्या निधीतून त्या १८८९ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांचा त्यांच्यावर लोभ होता. १८९२ साली विद्यापीठाच्या खास ठरावामुळे त्यांना बी.सी.एल. या कायद्याच्या परीक्षेस बसता आले. परीक्षा झाली, परंतु पदवी मिळाली नाही. त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नसे. ती पदवी हाती पडावयास १९२२ साल उजाडावे लागले.

हिंदुस्थानात परतल्यावर जी दहा-अकरा वर्षे गेली, ती एका बंद दारावर टकटक करण्यात गेली. काठेवाडातील व अन्य संस्थानांत खास परवानगीने त्यांनी पडदानशीन स्त्रियांची कामे चालविली. १८९६ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांनी एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या वतीने काम चालविले; फौजदारी कायद्यातील एका सैल तरतुदीमुळे ते शक्य झाले. १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. आणि १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. तरी सनद मिळाली नाही. परीक्षा देण्यास स्त्रीला मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो परीक्षेचे फळ घेण्यास.

या कोंडीतून त्यांनी जो मार्ग काढला तो त्यांच्या व्यवहारज्ञानाची साक्ष देतो. न्यायालयाचे दार उघडत नसेल, तर सरकारच्या महसूल खात्याचे दार ठोठवावे, असे त्यांनी ठरविले. १९०२ च्या सुमारास वृत्तपत्रातील लेखनातून आणि भारतमंत्र्यांच्या कार्यालयाकडे केलेल्या विनंतीतून त्यांनी एक साधा मुद्दा मांडला. जमीनदारीच्या असंख्य मालकिणी पडद्यात आहेत, अज्ञान वारस त्यांच्या पदराआड आहेत. पुरुष अधिकारी तेथे पोहोचू शकत नाही. सबब सरकारने कायदा जाणणारी एक स्त्री नेमावी. या प्रयत्नांस १९०४ साली यश आले आणि बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे स्त्री-साहाय्यक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. १९०७ पर्यंत बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढा विस्तीर्ण मुलूख त्यांच्या कार्यकक्षेत आला.

हे कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स नावाने न्यायालय असले तरी प्रत्यक्षात महसुली यंत्रणा होती. तिचे मूळ १७९३ च्या कायमधाऱ्याच्या पद्धतीत होते. महाराष्ट्रातील रयतवारीत शेतकरी आणि सरकार यांचा सरळ संबंध असे. बंगालमध्ये मात्र सरकारने जमीनदाराशी कायमचा सारा ठरविला आणि रयतेकडून खंड वसूल करण्याचे काम त्याच्यावर सोपविले. ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी सारा भरला नाही, तर जमीनदारीचा लिलाव होई. या करड्या नियमात एक अडचण होती. जमीनदार मरण पावला आणि वारस चार वर्षांचा असला, तर सारा कोण भरणार? भाऊबंद आणि नोकरचाकर यांनी मुद्दाम हप्ता चुकवावा आणि लिलावात तीच जमीनदारी दुसऱ्याच्या नावाने स्वतः विकत घ्यावी, असे घडू शकत होते. म्हणून १७९३ सालीच अपात्र मालकांच्या मिळकती सरकारच्या देखरेखीखाली आणण्याची व्यवस्था करण्यात आली. १८७९ च्या बंगाल कायद्याने तिला पक्के स्वरूप दिले. रेव्हिन्यू बोर्ड हेच कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स. जिल्ह्यात कलेक्टर त्याचा हात. आणि इस्टेटीवर नेमलेला मॅनेजर ही त्याची बोटे. अज्ञान, वेडसर आणि कारभारास असमर्थ ठरविलेल्या स्त्रिया हे तिघेही कायद्याने एकाच रांगेत बसविले होते. देखरेखीच्या काळात थकलेल्या साऱ्यासाठी इस्टेट लिलावात निघत नसे, आणि कोर्टाच्या संमतीवाचून पाल्यास मिळकतीवर बोजा चढविता येत नसे. सर्वसाधारण माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होई. कोर्टाच्या पाल्यास मात्र एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागे.

कॉर्नेलिया या कामावर रुजू झाल्या त्या वेळी जमीनदारीच्या पायाखालची जमीन हलू लागली होती. १८५९ च्या कायद्याने एकच जमीन बारा वर्षे कसणाऱ्या रयतेस कायम वहिवाटीचा हक्क दिला होता. परंतु जमीनदार रयतेस एका शेतावरून दुसऱ्या शेतावर हलवून तो हक्क पिकूच देत नसत. १८७३ साली पाबना जिल्ह्यात रयतेने संघटित होऊन वाढीव खंडास विरोध केला. दोनच वर्षांनी पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या जाळण्यात आल्या आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा झाला. बंगालमधील असंतोषाचे फळ म्हणजे १८८५ चा कुळकायदा, ज्यास बंगालीत प्रजास्वत्व आईन म्हणतात. या कायद्याने गावातील कोणतीही जमीन बारा वर्षे कसणारा तो गावचा स्थिर रयत मानला; शेत बदलले तरी त्याचा हक्क बुडेना. करारान्वये खंड वाढवावयाचा तर रुपयामागे दोन आण्यांहून अधिक नाही, आणि एकदा वाढविल्यावर पंधरा वर्षे पुन्हा नाही, असे बंधन आले. त्याच कायद्यान्वये गावोगावी मोजणी होऊन प्रत्येक शेताचा मालक, कसणारा आणि खंड यांची हक्कनोंद होऊ लागली. छोटा नागपूरसाठी १९०८ साली आणि ओरिसासाठी १९१३ साली निराळे कुळकायदे झाले.

रयतेच्या दृष्टीने हे कायदे म्हणजे फार उशिरा मिळालेला श्वास होता. अज्ञान वारसाच्या इस्टेटीसाठी मात्र त्यांत एक विशेष धोका होता. मोजणीचा अधिकारी तंबू ठोकून बसे, कच्ची नोंद वाचून दाखवी, हरकतींसाठी मुदत देई आणि अखेर नोंद प्रसिद्ध करी. एकदा ती प्रसिद्ध झाली की ती खरीच आहे, असे कायदा गृहीत धरी; खोटी म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावयाचे. वयात आलेला जागरूक जमीनदार आपली माणसे घेऊन तंबूत हजर राही. जेथे मालक पाळण्यात आणि मालकीण पडद्यात, तेथे हजर राहणारा माणूस म्हणजे गुमास्ता. आणि गुमास्त्याचे हितसंबंध वाड्याशी जुळतीलच असे नव्हते. दिवाणजीच्या मेहुण्याच्या नावे मध्यस्थ हक्क नोंदला जाणे, मालकाची खासगी शेती रयती जमीन म्हणून लिहिली जाणे, किंवा याउलट गरीब रयतेची वडिलोपार्जित शेती मालकाच्या खासगी जमिनीत ओढून मॅनेजरने शाबासकी मिळविणे, हे सर्व प्रकार संभवत होते. खासगी जमिनीवर रयतेचा कायम हक्क सहजी उत्पन्न होत नसल्यामुळे त्या एका शब्दाच्या नोंदीवर कित्येक कुटुंबांचे भवितव्य अवलंबून असे. कायदा जितका नोंदीवर विसंबू लागला, तितकी वाचता न येणारी मालकीण आणि वाचता न येणारा शेतकरी ही दोन्ही माणसे लेखणी धरणाऱ्याच्या हाती अधिकाधिक सापडली.

या स्थितीत कॉर्नेलिया यांचे काम काय होते? मोजणी, वसुली व हिशेब ही कलेक्टर आणि मॅनेजर यांची कामे. परंतु त्या कागदांवर जिची संमती घ्यावयाची ती स्त्री, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप तो मुलगा, यांच्यापर्यंत पोहोचणे हे त्यांचे काम. रेल्वेने, बैलगाडीने, पालखीने, हत्तीवरून आणि पावसाळ्यात नावेने त्या दूरदूरच्या वाड्यांवर जात. पडद्यापलीकडे काय चालले आहे हे सरकारला प्रथमच आतून कळू लागले. विधवेच्या नेमणुकीची रक्कम तिच्या हाती पडते की मधल्या माणसांच्या, मुलाला शिकविण्यास नेमलेला मास्तर खरोखर येतो की नाही, दत्तकविधानास राणीची मनापासून संमती होती की दटावणीने घेतली होती, दागिन्यांची यादी आणि तिजोरीतील दागिने यांचा मेळ बसतो की नाही, या प्रश्नांची उत्तरे फायलीत नसत. ती राणीच्या शेजारी चटईवर बसून, पूजाअर्चा व पाहुणचार आटोपल्यावर, दुपारच्या निवांतपणात मिळत.

पडदानशीन स्त्रीच्या सहीविषयी न्यायालयांनी पूर्वीच एक संरक्षक तत्त्व घालून दिले होते. तिच्याकडून दस्तऐवज करून घेणाऱ्याने, तिला तो वाचून दाखविला, समजावून दिला आणि तिने स्वतंत्रपणे मान्य केला, हे सिद्ध केले पाहिजे. तत्त्व उदात्त होते. पण त्याचा उपयोग दावा दाखल झाल्यावर, म्हणजे बहुधा मिळकत गेल्यानंतर, व्हावयाचा. सही होण्यापूर्वीच कागद समजावून देणारी व्यक्ती कॉर्नेलिया यांच्या रूपाने त्या वाड्यांत आली, हा मूलभूत फरक होता. त्यांच्या नेमणुकीचे खरे महत्त्व येथे आहे.

मुलांच्या जिवाचा प्रश्नही काल्पनिक नव्हता. हिंदू विधवेचा पतीच्या मिळकतीवरील हक्क मर्यादित असे. तिच्या मृत्यूनंतर मिळकत पतीच्या पुढच्या वारसांकडे जाई. अज्ञान मुलगा किंवा नुकताच घेतलेला दत्तक हा त्या वारसांच्या वाटेतील एकमेव अडथळा असे. ज्याच्या मृत्यूने ज्याचा लाभ होणार, त्यास त्याचा पालक नेमू नये, हा दंडक याच अनुभवातून आला. विषप्रयोगाची धास्ती, राण्यांची परस्परांवरील पाळत, मुलाचे अन्न आधी दुसऱ्यास चाखावयास लावणे, यांची वर्णने कॉर्नेलिया यांच्या लेखनात पुनःपुन्हा येतात. वाचकास ती अद्भुतरम्य वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी वारसाहक्काचे रोकडे गणित होते.

आपल्या कारकिर्दीत त्यांनी सुमारे ६०० स्त्रिया व अज्ञान मुले यांना साहाय्य केले, असे सांगितले जाते. त्यांतील काहींसाठी त्यांनी मोबदलाही घेतला नाही. मुलांना शिक्षण मिळावे, मुलींनाही लिहिता-वाचता यावे, आजारी पाल्यास योग्य वैद्य मिळावा, याबद्दल त्यांचा आग्रह असे. धर्माने ख्रिस्ती असूनही त्यांनी वाड्यातील व्रतवैकल्ये, सोवळेओवळे आणि कुलाचार यांचा उपहास केला नाही. उलट त्या चालीरीती जाणून घेऊन, त्यांतूनच सुधारणेस वाट काढावी, अशी त्यांची रीत होती. १९०९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. असे असूनही खात्यात त्यांची जागा सदैव अधांतरीच राहिली. पुरुष अधिकाऱ्यांच्या श्रेणीत त्यांना बसविता येईना आणि त्यांच्यावाचून अडेही. त्यांचा सल्ला मागितला जाई, आदेश मात्र दुसऱ्याच्या सहीने निघे.

या कार्याच्या मूल्यमापनात एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. अज्ञानाची इस्टेट राखणे म्हणजे अखेर जमीनदारी राखणे होते. पाळण्यातील मालक निष्पाप खरा; पण त्याच्या नावाने वसूल होणारा खंड रयतेच्या घामातूनच येई. कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सच्या इस्टेटीत हिशेब चोख राहत, जुनी कर्जे फिटत, शाळा व दवाखाने निघत. परंतु चोख हिशेब म्हणजे चोख वसुलीही होती. चंपारणातील बेतिया राज्य १८९७ पासून कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सच्या ताब्यात होते, आणि त्याच्याच जमिनीवर ठेकेदारी करणाऱ्या निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाची चौकशी करण्यासाठी १९१७ साली गांधीजी तेथे आले. सरकारी देखरेख हे मालकाचे कवच होते; रयतेसाठी ते कवच असतेच असे नाही, हे चंपारणाने दाखवून दिले. १९१८ च्या चंपारण कायद्याने निळीची सक्ती संपली ती रयतेच्या चळवळीमुळे. देखरेख करणाऱ्या खात्याने ती आपण होऊन संपविली नव्हती.

कॉर्नेलिया यांच्या लेखनात वाडा जितका जिवंत आहे तितके शेत नाही. राणी, दासी, पुरोहित, दिवाण आणि म्हातारी दाई यांची चित्रे त्यांनी ममतेने रेखाटली. नांगर धरणारा माणूस मात्र क्वचितच पुढे येतो. त्यांची नेमणूक ज्या उंबरठ्याच्या आत झाली, त्या उंबरठ्याची मर्यादा त्यांच्या दृष्टीलाही पडली. तथापि न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे की जमीनदारी घराण्यातील विधवा ही सत्ताधारी वर्गातील सत्ताहीन व्यक्ती होती. तिच्या नावावर शेकडो गावे असत आणि स्वतःच्या मुलासाठी मास्तर निवडण्याचे स्वातंत्र्य नसे. या विसंगतीचे इतके जवळून दर्शन त्यांच्यापूर्वी कोणा कायदेपंडितास घडले नव्हते.

या अनुभवाचे साहित्यरूप अनेक पुस्तकांत विखुरलेले आहे. नेमणुकीपूर्वीच १९०१ साली त्यांचा पडद्याआडच्या जीवनावरील कथासंग्रह प्रसिद्ध झाला होता. १९०८ चे ‘बिट्‌वीन द ट्वायलाइट्स’ आणि १९१७ चे ‘द पर्दानशीन’ ही पुस्तके प्रत्यक्ष कामाच्या काळातील. १९३४ चे ‘इंडिया कॉलिंग’ हे आत्मचरित्र आणि १९३६ चे ‘इंडिया रिकॉल्ड’ ही निवृत्तीनंतरची. त्यांच्या कथनात अहवाल आणि कथा यांची सरमिसळ आहे. एखाद्या प्रकरणातील तंट्याची हकीकत सांगता सांगता त्या तुळशीवृंदावनाभोवतीच्या सायंकाळात रमतात, आणि वाचक पुन्हा भानावर येतो तेव्हा कागदावर अंगठा उमटलेला असतो. इंग्रज वाचकासाठी लिहिताना पूर्वेकडील गूढतेचा रंग त्यांनी काहीसा गडद केला, हा आक्षेप रास्त आहे. परंतु रंग बाजूस सारला तर खाली व्यवहाराची घट्ट वीण लागते; त्या दृष्टीने हे लेखन बंगाल-बिहारच्या सामाजिक इतिहासाचे साधन ठरते.

स्त्रियांच्या वकिलीचा प्रश्न मधल्या काळात पुढे सरकत होता. १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांचा, आणि १९२१ साली पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज फेटाळला. अलाहाबादने मात्र १९२१ साली कॉर्नेलिया यांना सनद दिली; परीक्षा दिल्यानंतर बावीस वर्षांनी. १९२३ च्या कायद्याने हिंदुस्थानभर स्त्रियांवरील ही बंदी उठली. कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समधून निवृत्त झालेल्या कॉर्नेलिया यांनी लिंकन्स इनमधून बॅरिस्टरी मिळवून कलकत्त्यास वकिली सुरू केली. त्या वेळी त्यांचे वय सत्तावन्नच्या आसपास होते. दार उघडले ते पाऊल थकल्यावर. न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करण्याचे प्रसंग थोडेच आले. लेखी अभिप्राय देण्यापुरतेच त्यांचे काम बहुतांशी सीमित राहिले. १९२९ साली त्या तेथून निवृत्त होऊन लंडनला स्थायिक झाल्या.

उत्तरायुष्यात त्या एकाकी पडल्या, आणि त्यास त्यांची राजकीय मतेही कारण झाली. ब्रिटिश सत्तेवर त्यांची निष्ठा होती. राष्ट्रीय चळवळीबद्दल त्यांना विश्वास वाटत नसे. सुधारणा वाड्यांत, एकेका कुटुंबात, शिक्षणाच्या मंद गतीने व्हावी. कायदे करून किंवा मोर्चे काढून ती लादू नये, असे त्यांचे मत होते. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाने देशात संताप उसळला असताना त्यांनी मेयोची बाजू घेतली. ज्या सुशिक्षित स्त्रिया सामाजिक कार्यात त्यांच्या सहकारी होऊ शकल्या असत्या, त्या यामुळे दुरावल्या आणि समाजसेवेच्या त्यांच्या योजना कोलमडल्या. सारे आयुष्य पडद्याआडच्या दुबळ्या स्त्रियांमध्ये घालविल्यामुळे, पडद्याबाहेर येऊन स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या नव्या भारतीय स्त्रीची शक्ती त्यांना ओळखता आली नाही. स्वतः त्या नव्या स्त्रीचा पहिला नमुना असूनही हे घडावे, ही त्यांच्या चरित्रातील करुण विसंगती होय.

६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे कॉर्नेलिया सोराबजी यांचे निधन झाले. त्याच सुमारास त्यांनी राखलेले जगही मावळत होते. बिहारने १९५० साली आणि पश्चिम बंगालने १९५३ साली जमीनदारी संपुष्टात आणणारे कायदे केले. १८८५ च्या कुळकायद्याने जी रयत बारा वर्षांच्या वहिवाटीवर हक्क सांगू लागली होती, ती आता मध्यस्थावाचून सरकारची थेट खातेदार होऊ लागली. ज्या मुलांच्या इस्टेटी त्यांनी लिलावापासून, भाऊबंदांपासून आणि खोट्या नोंदींपासून जपल्या, ती मुले तोवर प्रौढ झाली होती. आणि त्यांच्या हातची जमीनदारी आता कायद्यानेच जात होती.

म्हणून त्यांचे श्रम व्यर्थ गेले असे म्हणता येत नाही. वाचविलेल्या गावांची संख्या हे त्या श्रमांचे माप नव्हे. ज्याच्या नावाने कागद होतो त्या माणसाला तो कागद समजला पाहिजे, आणि त्यासाठी कायद्यानेच त्याच्या दारापर्यंत चालत गेले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी अठरा वर्षे चिखल तुडवीत आचरून दाखविले. पडदानशीन राणीइतकेच ते निरक्षर कुळालाही लागू होते, जरी त्या स्वतः कुळाच्या झोपडीपर्यंत पोहोचल्या नाहीत. त्यांची पत्रे व रोजनिशा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेल्या आहेत आणि लिंकन्स इनमध्ये २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. नाशिकात जन्मलेल्या व पुण्यात वाढलेल्या या बाईंच्या कर्तृत्वाचा मुख्य भाग मात्र गंगा, ब्रह्मपुत्रा व महानदी यांच्या खोऱ्यांतील जुन्या वाड्यांत, कोणा अज्ञान वारसाच्या नावाच्या फायलीत, दुसऱ्याच्या सहीने निघालेल्या आदेशांआड पडलेला आहे.